हात तेलकट झाले तर बिघडलं कुठं?



"सर, आमचा पोरगा सुट्टीभर गॅरेजात बसून असतो. तुम्हीच सांगा त्याला काहीतरी." आमच्या शाळेतल्या नववीच्या एका मुलाची आई मला म्हणाली. मीही लगेच त्याला बोलावून दटावलं, "तेल-ग्रीसमध्ये काय ठेवलंय? गणित बघ आधी." आज सांगतो, चूक माझी होती.

नंतर एकदा मी त्या गॅरेजात गेलो. त्याच्यापुढं भंगारातलं एक सिलिंडर हेड होतं. इंजिनात हवा-पेट्रोल आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची वाट या हेडमधूनच असते. तिला पोर्ट म्हणतात. हेड ओतीव असतं, त्यामुळे या वाटा आतून थोड्या खडबडीत असतात. कुठं गॅस्केटच्या भोकाशी त्यांचं तोंड जुळत नाही. ते तोंड जुळवायचं, कंगोरे काढायचे, वळण सारखं करायचं, याला 'पोर्ट-पॉलिश' म्हणतात.

आता यातलं गणित बघा. ३० मिलिमीटर व्यासाची वाट ३१ केली, तर क्षेत्रफळ किती वाढेल? मुलं पटकन म्हणतात, तीन टक्के. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर चालतं. ९०० चे ९६१ होतात, म्हणजे जवळजवळ सात टक्के वाढ! मी हे सूत्र फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. त्या पोरानं ते कॅलिपर लावून पाहिलं होतं.

मग मी विचारलं, "वाट अजून मोठी का नाही करत?" तो म्हणाला, "सर, फार मोठी केली की हवेचा वेग कमी होतो. कमी आरपीएमला गाडी ओढत नाही." आणि आरशासारखी चमकवायची? "धूर जाणारी वाट चालेल, तिथं काजळी कमी धरते. पण पेट्रोल येणारी नको. फार गुळगुळीत केली की पेट्रोलचे थेंब भिंतीला चिकटून वाहतात, हवेत नीट मिसळत नाहीत." वर्गात मान खाली घालून बसणारा हाच मुलगा!

या कामात खोडरबर नाही. धातू एकदा घासला की परत येत नाही. जास्त घासलं तर भिंतीमागच्या पाण्याच्या कप्प्याला भोक पडतं आणि हेड गेलं. म्हणून थोडं घासायचं, थांबायचं, मोजायचं. हा संयम मी कितीही ओरडून शिकवू शकलो नसतो.

तुम्ही म्हणाल, आम्ही पोराला मेकॅनिक करायचं का? तो झाला तरी कमीपणा नाही, पण माझा मुद्दा तो नाही. आपल्या सोलापुरातच १९९२ साली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सुरू झाली. इथले कॅमशाफ्ट परदेशातल्या गाड्यांतही बसतात. पोर्टच्या तोंडावरचे व्हॉल्व्ह उघडतो तो हाच कॅमशाफ्ट. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून हातानं काम करत शिकण्याचा मार्ग दाखवला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शिकण्याची शिफारस आहे. ते दहा दिवस नुसत्या सहलीत घालवू नका.

भंगारातलं एक हेड आणा. ग्राइंडर जाणत्या मिस्त्रीच्याच हातात राहू द्या. मुलांनी पॉलिश पेपरनं हातानं घासावं. डोळ्याला गॉगल, नाकाला मास्क हवाच, कारण ती भुकटी वाईट. घरच्या चालू गाडीवर प्रयोग मुळीच नको. व्हॉल्व्ह बसवून ज्वलनकक्षात ब्यूरेटनं पाणी भरा आणि घनफळ मोजा. प्रयोगशाळेतली ब्यूरेट नाहीतरी धूळच खात असते.

त्या आईला मी पुन्हा भेटलो आणि म्हणालो, "ताई, त्याला जाऊ द्या. फक्त रोज काय मोजलं ते वहीत लिहून आणायला सांगा."

तुमच्या वर्गातही असा एखादा मुलगा असेल. त्याला दटावण्याआधी एकदा त्याच्या गॅरेजात जाऊन या.