पुण्यात नोकरी नको, सासर चालेल!

मास कॉमची शेवटची परीक्षा झाली आणि आमच्या बॅचचे सरळ दोन भाग पडले. धुळे, नंदुरबारहून येऊन नाशिकच्या होस्टेलमध्ये राहिलेले बरेचसे मुंबई-पुण्याला गेले. आम्ही घरून कॉलेज केलेले नाशिककर बहुतेक इथेच. हुशारीत फरक नाही. फरक एवढाच, की त्यांनी बॅग एकदा भरली होती. मेस कशी शोधायची, घरमालकाकडून डिपॉझिट परत कसं काढायचं, ताप आला तर कुणाला फोन करायचा, हे त्यांचं फर्स्ट इयरलाच शिकून झालं. आम्हाला अजून गॅसचा नंबर लावता येत नाही.

घरचे अडवतात असंही नाही. बाबा म्हणतात, ‘तुझं तू बघ.’ आई फक्त विचारते, ‘तिथे जेवणाचं काय?’ मग आपणच हिशेब मांडतो. खोलीचं भाडं, मेस, प्रवास. सुरुवातीच्या पगारात उरतं काय? हिशेब खोटा नाहीच. काहींच्या घरी आजारपण असतं, त्यांचं थांबणं वेगळं. पण बाकीच्यांचं काय? आपण तर अर्जच करत नाही, म्हणजे नकार द्यायचीही वेळ येत नाही.

मुलींचं गणित तर अजबच. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ४५ कोटींहून जास्त स्थलांतरित आहेत आणि त्यांत बायका पुरुषांपेक्षा जास्त. कारण? मुख्यतः लग्न. माझ्या एका मैत्रिणीला पुण्यात नोकरी लागत होती. ‘एकटी कशी राहशील?’ म्हणून घरून नाही म्हटलं. आता स्थळं बघताहेत. अट एकच, मुलगा पुण्यात सेटल हवा!

आमचं म्हणणं एवढंच, की ‘जायचं की नाही’ हा वाद पदवीनंतर घालू नका. शिकत असतानाच दोन महिन्यांची इंटर्नशिप दुसऱ्या शहरात करा. परत यायची तारीख ठरलेली असली की आई-बाबाही लवकर तयार होतात. नाही जमलं तर घर आहेच की.

मुंबईच्या एका जागेसाठीचा माझा स्वतःचा अर्ज तीन आठवडे ड्राफ्टमध्ये पडून होता. परवा पाठवला आणि आईला सांगितलं. जेवणाचं विचारलंच तिने. मग म्हणाली, ‘उद्यापासून कुकर तू लाव.’