धूर दिसला म्हणून...

सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी ठरलेला प्रश्न येतो, 'मग, वीकेण्डला काय केलंस?' कुणी लोणावळा सांगतं, कुणी नवा कॅफे. मी सांगतो, 'विमान उडवलं.' समोरचा हसतो. त्याला वाटतं, मोबाइलवरचा टाइमपास असणार. तसं नाही हो! डीसीएस नावाचा एक कॉम्बॅट फ्लाइट गेम आहे. २०२१ मध्ये त्यात दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं मॉस्किटो आलं. तेव्हापासून आमचा शनिवार त्याच्या नावावर लिहिलेला आहे.

मॉस्किटो म्हणजे डास. नाव ऐकून हसू नका. नाकात चार तोफा, चार मशिनगन, पंखांखाली आणि पोटात बॉम्ब आणि वेग ताशी ६०० किलोमीटरच्या आसपास. गेममध्ये आहे तो एफबी सिक्स, म्हणजे फायटरही आणि बॉम्बरही. मॉस्किटोच्या सगळ्या प्रकारांत सर्वात जास्त संख्येनं बनला तो हाच.

आता तुम्ही म्हणाल, की दाबली आणि उडालं, त्यात काय? इथे तसं चालत नाही. आधी मॅग्नेटो, पेट्रोलचे कॉक, रेडिएटरच्या झडपा असं सगळं क्रमानं करावं लागतं. ब्रेकचा लिव्हर गाडीसारखा पायाशी नाही, तो हातातल्या दांड्यावर असतो. आणि दोन्ही पंखे एकाच दिशेनं फिरतात, त्यामुळे वेग घेताना विमान डावीकडे ओढ खातं. म्हणून डाव्या इंजिनाचा थ्रॉटल उजव्याच्या जरा पुढे ठेवायचा. दोन इंजिनं म्हणजे डबल सेफ्टी, हा समजही विसरायचा. जमिनीलगत, कमी वेगात एक इंजिन बंद पडलं, तर चालू असलेलं दुसरंच विमानाला फिरवून आडवं करतं.

सगळ्यात भन्नाट गोष्ट म्हणजे हे विमान लाकडी आहे! युद्धात ॲल्युमिनियमची ओढाताण होणार हे ओळखून डी हॅविलँड कंपनीनं बर्चच्या प्लायवूडमध्ये बाल्साचा थर घालून सांगाडा केला. तोही दोन उभ्या अर्ध्या भागांत. दोन्ही भाग आतून सजवायचे आणि मग चिकटवायचे, अगदी लहानपणीच्या प्लास्टिकच्या मॉडेलसारखे. फर्निचरवाले, पियानो बनवणारे सुतार कामाला लागले. २५ नोव्हेंबर १९४० ला पहिलं उड्डाण झालं, आणि पुढे साडेसात हजारांहून जास्त विमानं बनली.

या लाकडाची आपल्या हवेशीही गाठ पडली. ब्रह्मदेशातल्या लढाईसाठी मॉस्किटो भारतात आली, आणि १९४४ च्या अखेरीस काही विमानांचे सांधे उड्डाणात सुटले. माणसं गेली. इथली सगळी मॉस्किटो काही काळ जमिनीवर बसवावी लागली. दोष पावसाळी हवेचा की कारखान्यातल्या ढिल्या कामाचा, यावर बराच वाद झाला. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटाचं दार फुगतं, ते आठवलं की अंगावर काटा येतो.

पण मला या विमानाचं वेड लागलं ते उजव्या सीटमुळे. मॉस्किटोत पायलट आणि नॅव्हिगेटर शेजारी शेजारी बसतात. नॅव्हिगेटर किंचित मागे, खांद्याला जवळपास खांदा लागेल असा. गेममध्ये त्या सीटवर इंटरनेटवरून खराखुरा मित्र बसू शकतो. माझा मित्र कॉलेजातला, मूळचा नाशिकचा, आता टोरोंटोत. तिथे दुपार, इथे रात्र. फोनवर आम्ही 'बाकी काय?'च्या पुढे जात नाही. विमानात मात्र दोन तास बोलणं संपत नाही. 'अरे, नदी सोडू नकोस', 'उजवीकडे रेल्वे दिसतेय बघ', आणि मधेच, 'आईचं ऑपरेशन ठरलं रे'.

त्यानंच एकदा मला 'द बॉम्बार्डमेंट' हा २०२१ चा डॅनिश सिनेमा बघायला सांगितला. तो बघून झाल्यावर मी कोपनहेगनबद्दल वाचत बसलो.

२१ मार्च १९४५. कोपनहेगनमधल्या शेलहुस नावाच्या इमारतीत गेस्टापोचं ऑफिस होतं. डॅनिश क्रांतिकारकांची कागदपत्रं तिथे जमली होती. ती नष्ट करा, अशी विनंती त्यांच्याच चळवळीनं केली होती. वरच्या मजल्यावर कैदी ठेवले होते. मॉस्किटो सहा-सहाच्या तीन तुकड्यांत, घरांच्या छपरांवरून आली. पहिल्या तुकडीतलं एक विमान रेल्वे यार्डातल्या दिव्याच्या उंच खांबाला धडकलं आणि फ्रेडरिक्सबर्ग भागात एका फ्रेंच शाळेजवळ कोसळलं. आग लागली. धुराचा लोट उठला.

पहिल्या तुकडीतल्या बाकीच्यांनी शेलहुस अचूक टिपलं होतं. बरेच कैदी जिवंत निसटले. पण मागून येणाऱ्यांना दिसला तो शाळेजवळचा धूर. धूर आहे म्हणजे आधीच्यांनी बॉम्ब टाकलेत, म्हणजे टार्गेट हेच. काहींना वेळेत कळलं, काहींना नाही. शाळेत ८६ मुलं गेली. त्यांच्यासोबत शिकवणाऱ्या नन्स आणि इतर मोठी माणसंही.

ती वैमानिक मंडळी बेफिकीर नव्हती, नवशिकी तर नव्हतीच. इमारतीचं मॉडेल बनवून त्यांनी अभ्यास केला होता. पण त्या वेगात आणि त्या उंचीवर विचाराला मिळतात ते काही सेकंद. त्या सेकंदांत धूर पुराव्यासारखा दिसतो. आधीच्यानं खात्री केली असणारच, असं वाटतं.

गेममध्ये हे कळत नाही. शहरं सुरेख असतात, खिडक्या असतात, खिडक्यांमागे कुणी नसतं. चुकीच्या इमारतीवर बॉम्ब पडला तर फार तर मिशन फेल होतं, आणि एका बटणावर पुन्हा रनवे. यात गेमवाल्यांची चूक नाही. तो गेम आहे. पण त्या विमानाची प्रत्येक झडप खरी हवी असा हट्ट धरणाऱ्या आपण त्या विमानाचा तो दिवसही माहीत करून घ्यायला नको का?

आणि मंडळी, धूर काही फक्त युद्धात दिसत नाही. मीटिंगमध्ये सगळे एखाद्या कलीगवर तुटून पडतात. एखाद्याबद्दल मेल फिरतो, व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो येतो. 'इतके जण बोलतायत म्हणजे काहीतरी असणारच.' आपणही आपला एक बॉम्ब टाकून मोकळे. कोपनहेगनशी याची तुलना होऊच शकत नाही, मान्य. पण आधीच्यानं खात्री केली असणार हे वाटणं मात्र अगदी तेच आहे.

आम्ही दोघांनी आता एक नियम केलाय. टार्गेट जवळ आलं की उजव्या सीटवरच्यानं ते स्वतः ओळखून मोठ्यानं सांगायचं. पूल असेल तर पुलाला किती कमानी आहेत तेही. त्यानं 'दिसलं' म्हटल्याशिवाय डावीकडच्यानं बटणाला हात लावायचा नाही. या नादात आमची निम्मी मिशनं फसतात. विमान पुढे निघून जातं, पुन्हा वळून यावं लागतं, तोवर खालच्या तोफा जाग्या झालेल्या असतात. स्कोअर पार घसरलाय.

परवा असंच झालं. समोर धूर होता, माझा अंगठा बटणावर होता आणि कानात टोरोंटोहून आवाज आला, 'थांब रे. हे ते नाहीये.' मी दांडा मागे ओढला आणि विमान छपरांवरून पुढे निघून गेलं.

असा एखादा उजव्या सीटवरचा तुमच्याकडे आहे का? नसेल तर शोधा. आणि असेल, तर तो 'थांब' म्हणेल तेव्हा त्याच्यावर चिडू नका.