एकेक फोटॉन मोजायचा, पण कुठे?

नेट गेलं की कस्टमर केअरवाला म्हणतो, "सर, राउटर बंद करून चालू करा." बिचाऱ्याला फायबर कुठे दुमडलीय ते दिसतच नाही. दिसू शकतं मात्र. ओटीडीआर नावाचं यंत्र फायबरमध्ये लेझरचा झटका सोडतं आणि परत येणारा उजेड मोजतं. १ नॅनोसेकंद उशीर म्हणजे साधारण १० सेंमी अंतर.

जेसीबीने केबल तोडली तर साधा ओटीडीआर पुरतो. तिथे 'सिंगल फोटॉन' म्हणजे निव्वळ मिरवणं! घोडं अडतं ते सोसायटीतल्या स्प्लिटरशी. ३२ फाटे फुटले की एका घराकडे ३२वा हिस्सा उजेड जातो, परतताना पुन्हा तेवढीच कात्री. उरतो हजारातला एक भाग, त्यात ३२ घरांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळलेले. ते सुटे करायला सेंटिमीटरचा हिशोब लागतो, आणि तिथे फोटॉन मोजणारा डिटेक्टर उपयोगी पडतो.

हा डिटेक्टर महाग. वर अंधारातही खोटे फोटॉन मोजतो, म्हणून गार ठेवावा लागतो, आणि झटके पुन्हापुन्हा सोडून बेरीज करत बसावं लागतं. बसू दे की! रात्रभर वेळ आहे. एक्स्चेंजमध्ये एकच यंत्र ठेवा, ऑप्टिकल स्विचने आळीपाळीने सगळ्या लाइनी तपासा. टेक्निशियनला ३२ दारं वाजवायला लावण्यापेक्षा हे स्वस्तच पडेल, असं माझं मत.