विश्लेषण : भ्रूणाला सुई न लावता जनुकीय चाचणी, अहवालावर किती विसंबायचे?

सोलापुरातील एखादे दाम्पत्य आयव्हीएफचा निर्णय घेते, तेव्हा खर्चाच्या कागदावर ‘भ्रूणाची जनुकीय चाचणी’ ही जादा ओळ असू शकते. आता या चाचणीचा पेशी न काढता होणारा प्रकारही चर्चेत आहे. ऐकायला सोयीचा, पण पेच अहवाल हातात आल्यावर सुरू होतो.

चाचणी नेमकी कशी होते?

प्रचलित पद्धतीत पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून पाच ते दहा पेशी काढतात. या थरापासून पुढे वार तयार होते. पेशींमधील गुणसूत्रे 46 आहेत की कमी-जास्त, हे प्रयोगशाळा पाहते. तोवर भ्रूण गोठवलेला असतो.

नव्या पद्धतीत भ्रूणाला हात लागत नाही. वाढताना तो आजूबाजूच्या पोषक द्रवात डीएनएचे तुकडे सोडतो. साधारण चौथ्या दिवशी भ्रूण धुऊन नव्या थेंबात ठेवायचा आणि नंतर तो थेंब तपासायचा. एरवी हा द्रव टाकूनच देतात.

मग अडचण कुठे?

थेंबात डीएनए अत्यल्प असतो आणि तो सगळा भ्रूणाचाच असेल असे नाही. स्त्रीबीजाभोवतीच्या आईच्या पेशी उरल्या, तर आईची निर्दोष गुणसूत्रे भ्रूणाच्या नावावर जमा होतात आणि सदोष भ्रूणही ‘निर्दोष’ ठरू शकतो. 2020 मध्ये आठ केंद्रांतील 1,301 भ्रूणांच्या अभ्यासात थेंबाचा आणि काढलेल्या पेशींचा निष्कर्ष सुमारे 78 टक्के वेळा जुळला. उरलेल्या 22 टक्क्यांत चूक थेंबाचीच असे मात्र नाही. पाच-दहा पेशी म्हणजे अख्खा भ्रूण नव्हे. युरोपातील प्रजननतज्ज्ञांच्या ‘एश्रे’ संस्थेने 2023 मध्ये या चाचणीच्या नियमित वापराची शिफारस केली नाही.

उलट चूक अधिक महागात पडते. पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीच्या हाती अनेकदा दोन-तीनच भ्रूण असतात. त्यातला चांगला भ्रूण ‘सदोष’ म्हणून बाद झाला, तर पुन्हा इंजेक्शने, पुन्हा खर्च, आणि वय तर थांबत नाही.

कायदा काय म्हणतो?

या चाचणीत एक्स-वाय गुणसूत्रेही दिसतात, म्हणजे लिंगही कळते. ते सांगणे गुन्हा आहे. गर्भलिंग तपासणीविरोधात देशात पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला. केंद्राचा 1994 मध्ये आला आणि 2003 च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. तरीही राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली 2001 मध्ये 913 होत्या, त्या 2011 मध्ये 894 झाल्या. 2021 च्या एआरटी कायद्यानुसार लिंगनिवडीची नुसती जाहिरात केली, तरी पाच ते दहा वर्षे कैद किंवा 10 ते 25 लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

होकार देण्यापूर्वी काय विचारावे?

अहवाल ‘सदोष’ आला तर पेशी काढून फेरतपासणी होणार का? तोवर भ्रूण गोठवून ठेवणार की टाकून देणार? उत्तर लेखी घ्यावे. घरात थॅलेसेमियासारखा आजार असेल, तर गुणसूत्रे मोजणारी ही चाचणी कामाची नाही. त्या जनुकासाठी वेगळी चाचणी लागते. अहवाल ‘निर्दोष’ आला, तरी गर्भधारणेनंतरच्या तपासण्या टाळता येत नाहीत.