उधारीची वही मोबाईलमध्ये, नक्कल कुठे?

मालेगाव-भिवंडीच्या लूमवाल्या बांधवांचा सुताचा हिशेब, कापडाचे नमुने, उधारी, सारे आता व्हॉट्सॲपवर असते. अपडेट घेताना एखादा फोन असा अडकतो की रिसेट केल्याशिवाय उघडत नाही, आणि रिसेटमध्ये सारे पुसले जाते. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे; लिहिलेले जपणेही त्यातच आले, असे आम्ही मानतो. अँड्रॉइड फोनवर हा बॅकअप २०२४ पासून गूगलच्या १५ जीबी मोफत जागेत मोजला जातो. लग्नाच्या व्हिडिओंनी ती जागा भरली की बॅकअप थांबतो! तेव्हा अपडेटपूर्वी शेवटच्या बॅकअपची तारीख पाहावी, येणे रकमा कागदी वहीत उतरवाव्यात. परत मिळवताना तोच नंबर व तेच गूगल खाते लागते. त्याचा पासवर्ड बहुतेक दुकानांत फक्त धाकट्या मुलाला ठाऊक असतो. तो आजच विचारून घ्यावा.