नंबरासाठी पोट मारायचं नाही



रविवारी विहारात वंदना झाली की काही आया मागे थांबतात. कुणाला बीपीच्या गोळीचं विचारायचं असतं, कुणाला नातवाच्या खोकल्याचं. मागच्या महिन्यात एक आई म्हणाली, "ताई, पोरगी रात्रीची जेवतच नाही. वाढलेली भाकरी परत टोपल्यात ठेवते. म्हणते, मला त्या कोरियाच्या पोरींसारखं व्हायचंय."

मुलगी नववीतली. शेजारीच मान खाली घालून उभी होती. मी तिला रागावले नाही. "कुठल्या पोरी गं? मलाही दाखव," एवढंच म्हटलं. तिनं मोबाईल काढला आणि अर्धा तास मला एक अख्खा कार्यक्रम समजावून सांगितला. घरी आल्यावर मी त्याची आणखी माहिती काढली. तेव्हा कळलं की त्या गोष्टीचा शेवट त्या मुलीला माहीतच नव्हता. तो तिला आणि तुमच्या घरातल्या मुलींनाही कळावा, म्हणून या महिन्याचं आरोग्याचं पान त्यावर लिहिते आहे.

कार्यक्रमाचं नाव 'प्रोड्यूस ४८'. दक्षिण कोरियातल्या एमनेट या वाहिनीवर २०१८ साली जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत तो चालला. कोरियाच्या ५७ आणि जपानच्या ३९, अशा ९६ मुली त्यात होत्या. त्यांतून प्रेक्षकांच्या मतांवर १२ जणी निवडायच्या आणि त्यांचा गाणारा-नाचणारा एक गट तयार करायचा, अशी ही स्पर्धा.

सुरुवातीलाच प्रत्येक मुलीनं शिक्षकांपुढे नाचून-गाऊन दाखवायचं. लगेच निकाल. ए, बी, सी, डी आणि सगळ्यांत खाली एफ. कोण कुठल्या गटातली, हे अंगावरच्या कपड्यांवरूनच कळायचं. मधली मानाची जागा ए गटातल्या मुलीला. पुढे मतांची गळती सुरू झाली. ९६ च्या ५८ झाल्या, मग ३०, मग २० आणि शेवटी १२. प्रत्येक वेळी नंबर मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि मुलींच्या चेहऱ्यांवर कॅमेरा लावायचा. पहिली आलेली जांग वोन-यंग शेवटच्या भागाच्या दिवशी १४ वर्षांची झाली. आपल्याकडे त्या वयाची मुलगी आठवी-नववीत असते.

जपानच्या मुलींचं काय झालं ते बघा. त्या एकेबी ४८ आणि तिच्या बहीण-गटांमधल्या, आपल्या देशात रंगमंचावर गाणाऱ्या, चाहते असलेल्या मुली. पण तिथली पद्धत वेगळी. तिकडे प्रेक्षकांशी आपुलकी जोडणं, हळूहळू शिकत जाणं याला मोल. कोरियात नाचातली काटेकोर शिस्त आधी बघतात. त्यामुळे यातल्या बऱ्याच जणी पहिल्याच दिवशी खालच्या गटांत गेल्या. मुलगी तीच, गळा तोच, पाय तेच. मोजायची पट्टी बदलली आणि ती एका दिवसात 'एफ' झाली. ज्यांच्या हातात पट्टी असते तेच कोण वर आणि कोण खाली हे ठरवतात, ही गोष्ट आपल्या समाजाला कुणी नव्यानं शिकवायला नको.

आता गोष्टीचा शेवट. ३१ ऑगस्ट २०१८ ला १२ जणींची नावं जाहीर झाली. ९ कोरियाच्या, ३ जपानच्या. 'आयझवन' नावाचा गट झाला, गाजला आणि ठरल्याप्रमाणे अडीच वर्षांनी, एप्रिल २०२१ मध्ये संपला. मधल्या काळात त्याच मालिकेतल्या पुढच्या एका कार्यक्रमाच्या मतांच्या आकड्यांवर प्रेक्षकांना संशय आला. चौकशी झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये निर्मात्यांना अटक झाली आणि 'प्रोड्यूस ४८' च्या मतांतही फेरफार झाल्याचं उघड झालं. मुख्य निर्मात्याला २ वर्षांची शिक्षा झाली. ती २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंही कायम केली. २०२० मध्ये अपिलाच्या निकालात न्यायालयानं अन्याय झालेल्या स्पर्धकांची नावं वाचून दाखवली. त्यात 'प्रोड्यूस ४८' मधल्या दोघी होत्या, ली गा-उन आणि हान चो-वोन. खऱ्या मतांप्रमाणे त्या पाचव्या आणि सहाव्या यायला हव्या होत्या. त्यांना १२ च्या बाहेर ठेवलं गेलं.

म्हणजे दोन वर्षं त्या दोघी काय समजत असतील? आपणच कुठे तरी कमी पडलो, हेच ना? चूक मात्र मोजणाऱ्यांनी केली होती, तीही जाणूनबुजून. आणि निवडून आलेल्या मुलींनाही त्याचा डाग सोसावा लागला. घोटाळा बाहेर आला तेव्हा त्यांचं गाण्यांचं नवं प्रकाशन लांबणीवर पडलं. त्यांचा तर यात काहीच हात नव्हता.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. वरच्या पायरीला मान, खालच्या पायरीला तुच्छता, आणि प्रत्येक पायरीला आपल्या खाली कुणी तरी आहे याचं समाधान. कोरियातला तो कार्यक्रम म्हणजे जात नव्हे. तिथं जन्मावरून एफ मिळत नाही, आणि ए मिळवायची वाट बंद नसते. हा फरक मोठा आहे. पण कपड्यांवरून ओळख, भर सभेत वाचलेला नंबर आणि 'मी खाली आहे म्हणजे माझ्यातच खोट आहे' असं खालच्याला वाटायला लावणं, हे आपल्याला ओळखीचं आहे. म्हणून आपण त्याकडे नुसती करमणूक म्हणून बघून चालणार नाही.

या नंबराची किंमत शरीर मोजतं. २०१५ मध्ये असाच एक कार्यक्रम झाला, 'सिक्स्टीन'. त्यातून 'ट्वाइस' हा गट निघाला. त्यात कोरियाच्या मुलींबरोबर जपानच्या तिघी आहेत. त्यातल्या मोमोनं पुढे स्वतः सांगितलं की वजन उतरवण्यासाठी तिनं जवळजवळ काही खाल्लंच नव्हतं. रात्री झोपताना, सकाळी आपण उठलोच नाही तर, अशी भीती वाटायची. 'ओ माय गर्ल' या दुसऱ्या गटातली जिनी २०१६ मध्ये अॅनोरेक्सिया या आजारानं बाजूला झाली आणि पुढच्या वर्षी तिनं गट कायमचा सोडला. या आजारात खाण्याचीच भीती बसते. वजन कितीही उतरलं तरी 'मी जाडच आहे' असं वाटत राहतं. तो नखरा किंवा हट्ट समजू नका. जीव घेऊ शकणारा तो आजार आहे.

कोरियाच्या सरकारलाही २०१४ मध्ये कायदा करून अल्पवयीन कलाकारांच्या कामाच्या तासांवर मर्यादा घालावी लागली. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत त्यांना काम देण्यावर बंधन आलं. आपल्याकडे १९४६ मध्ये कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ झाले, तेव्हा मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं. राबणाऱ्या शरीराला विश्रांती हवी, हे कायद्यात लिहावं लागतं. कारण राबवून घेणारा ते आपणहून मान्य करत नाही.

आता आपल्या वस्तीत या. टीव्हीवरच्या त्या मुलींजवळ शिक्षक असतात, कंपनी असते, आजारी पडल्या तर डॉक्टर असतो. तरी त्यांची ही गत. आपल्या मुलीजवळ काय आहे? सकाळी नळाला पाणी भरायचं, धाकट्याला सांभाळायचं, शाळा करायची आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसायचं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. दहातल्या जवळजवळ सहा. अशा मुलीनं रात्रीची भाकरी सोडली, तर ती जास्तीचं काही सोडत नाही. आधीच कमी असलेल्यातूनच आणखी काढते.

वाढीच्या वयात उपाशी राहिलं की आधी दम लागतो, चक्कर येते, अभ्यासात लक्ष लागत नाही, केस गळतात. मग पाळी पुढे जाते, कधी थांबते. हाडांची बळकटी बहुतेक विशीच्या आतच भरून होते. तेव्हा राहिलेली उणीव म्हातारपणी मोडलेल्या हाडातून दिसते. नाचायला जे बळ लागतं, तेच उपाशी राहून संपतं.

यावर पुष्कळ घरांत उपाय ठरलेला असतो. मोबाईल हिसकावून घ्यायचा आणि चार शिव्या द्यायच्या. मला तो पटत नाही. त्या नववीतल्या मुलीला मी विचारलं, "तुला त्यांच्यात काय आवडतं?" ती म्हणाली, "त्या सगळ्या मिळून नाचतात. आणि तिथं कुणी कुणाला आडनाव विचारत नाही." या उत्तरानंतर मी जरा वेळ गप्पच बसले. तिच्या आवडीत वाईट काही नाही. नाच हा तर उत्तम व्यायाम आहे. तिच्या वयाला रोज तासभर अंग हलवायलाच हवं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गाण्यातून आणि तालातून माणसं जागी होतात, हे तर आंबेडकरी जलशांनी दाखवलंच आहे. पोरींना नाचू द्या. विहाराच्या सभागृहात नाचू द्या. फक्त पोट भरून नाचू द्या.

आणि आपण घरातली माणसंही जरा आरशात बघू. नंबर लावणं काय फक्त कोरियातच होतं? "ही काळी, ती उजळ." "हिला कोण करणार?" "किती फुगलीस." "बहिणीचे टक्के बघ, तुझे बघ." पाहुण्यांपुढे, शेजारणीपुढे हे आपण बोलतो. मुलगी ते गिळते आणि भाकरी सोडते. मग ती वीस-पन्नास रुपयांची गोरं करणारी क्रीम आणते. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अशा काही मलमांत स्टेरॉइड असतं. त्यानं कातडी पातळ होते, चेहऱ्यावर पुटकुळ्या आणि लव येते. तुमच्या मुलीच्या कातडीच्या रंगात औषध लावण्यासारखं काहीच नाही.

तथागतांनीही हा मार्ग करून बघितला होता. सहा वर्षं खडतर तप केलं, अन्न कमी करत करत हाडांचा सापळा झाले. त्यानं ज्ञान मिळत नाही हे कळल्यावर त्यांनी सुजातेनं दिलेलं अन्न घेतलं. बरोबरचे पाच जण त्यांना सोडून गेले. लोक नावं ठेवतील म्हणून ते पुन्हा उपाशी बसले नाहीत. सारनाथला पहिल्याच उपदेशात त्यांनी दोन्ही टोकं टाकून मध्यम मार्ग सांगितला. आपल्या मुलींना ही गोष्ट वंदनेत ऐकून पाठ असते. ती जेवणाच्या ताटाशी जोडून कुणी सांगत नाही. ते आपण सांगू.

घरी करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. मुलीला शेवटी बसवू नका, सगळ्यांबरोबर बसवा. भाकरी, डाळ, मोडाची मटकी, पालेभाजी, त्यावर लिंबू. जमेल तेव्हा अंडं, सुकट किंवा कलेजी. मधल्या वेळेला मूठभर शेंगदाणे आणि गूळ. जेवणाला लागून चहा नको, त्यानं लोह अंगी लागत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यायला सांगा. शाळा सुटलेल्या मुलीला ती अंगणवाडीत मिळते. गोळीनं शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरू नका. हिमोग्लोबिन जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. ते १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आणि हे दिसलं तर थांबू नका: मुलगी जेवण लपवते, जेवून लगेच मोरीत जाऊन ओकते, तीन महिने पाळी नाही, सारखं वजन बघते, चक्कर येऊन पडते. रागावून काही होणार नाही, डॉक्टरकडे न्या. मन फार खचलेलं असेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. मराठीत बोलता येतं.

त्या मुलीला मी ली गा-उन आणि हान चो-वोनची गोष्ट सांगितली. तिला ते खरं वाटेना. मग म्हणाली, "म्हणजे त्या हरल्याच नव्हत्या?" मी म्हटलं, "नाही गं. त्यांना हरवलेलं होतं." पुढच्या रविवारी तिच्या आईनं सांगितलं, पोरगी रात्री अर्धी भाकरी खाते. अर्धीच. पण खाते. अजून रक्त तपासायचं आहे, त्यासाठी या शनिवारी आम्ही तिघी दवाखान्यात जाणार आहोत. तुमच्या घरातली मुलगी भाकरी परत टोपल्यात ठेवत असेल, तर तुम्हीही चला.