इंजेक्शनाआधी तारीख बघा



ऊस विकास खात्याने बेणे, खत, पाणी सोडून गोठ्यात कशाला डोकावे, असे कोणी म्हणेल. पण उसाचे बिल हप्त्याने येते आणि घरचा रोजचा खर्च दुधावर चालतो, हे आम्ही नोंदीसाठी बांधावर येतो तेव्हा पाहतोच. म्हैस वर्षभर भाकड राहिली तर तिचे पोट उसाच्या बिलातून भरावे लागते. म्हणून हे चार शब्द.

हल्ली गोठ्यात एक सवय पडली आहे. म्हैस माजावर येत नाही, द्या इंजेक्शन. पान्हा सोडत नाही, द्या इंजेक्शन. आमचे स्पष्ट मत असे, की संप्रेरकाचे म्हणजे हार्मोनचे औषध तपासणीशिवाय टोचणे हा जुगार आहे, आणि त्यात पणाला लागते ते आपलेच जनावर.

याचे कारण उसातल्या उदाहरणाने सांगतो. रुंद पानाच्या तणावर आपण टू-फोर-डी मारतो. तेही वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकासारखेच रसायन. तण मरते, ऊस उभा राहतो. पण वाऱ्याने शेजारच्या कापसावर गेले की पाने वाकडी होतात. औषध तेच, पण ते कोणाच्या अंगात गेले यावर सगळे अवलंबून. जनावराच्या अंगातही तसेच आहे. रक्तातून संप्रेरक सगळीकडे फिरते, पण काम करते ते जिथे त्याला धरून ठेवणारा ग्राहक, म्हणजे त्याच्या किल्लीचे कुलूप, असेल तिथेच. अमेरिकेत शिकागो विद्यापीठात एल्वूड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सारी खूण केलेले इस्ट्रोजेन उंदरांच्या माद्यांना देऊन पाहिले. गर्भाशयाने ते धरून ठेवले, इतर मांसाने सोडून दिले. तेव्हापासून ही कुलपे शास्त्राला दिसू लागली.

आता खरी गोम अशी, की ही कुलपे कायमची नसतात. माजाच्या वेळचे इस्ट्रोजेन गर्भाशयात प्रोजेस्टेरॉनसाठी कुलपे तयार करते. माज ओसरल्यावर बीजांडकोशात पीतपिंड तयार होतो. त्यातले प्रोजेस्टेरॉन गर्भ सांभाळते आणि इस्ट्रोजेनची कुलपे कमी करते. गर्भ राहिला नाही तर चक्राच्या शेवटी गर्भाशयात ऑक्सिटोसिनची कुलपे वाढतात, प्रोस्टाग्लॅंडिन सुटते, पीतपिंड विरतो आणि साधारण २१ दिवसांनी जनावर पुन्हा माजावर येते. गर्भ असेल तर गाईत सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास तो स्वतःच निरोप पाठवून हे सारे थांबवतो. एवढासा जीव, पण आईच्या अंगातली कुलपे अडवून ठेवतो.

साखरेच्या कारखान्याच्या सभासदांना आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. कासेतही साखर तयार होते, दुधातली लॅक्टोज. ती बनवणाऱ्या एन्झाइमला एका प्रथिनाची जोड लागते. गाभणपणी प्रोजेस्टेरॉन त्या प्रथिनाची निर्मिती रोखून धरते. विताना ते उतरते आणि कासेचा गाळप हंगाम सुरू होतो. मग दुभती म्हैस पुन्हा गाभण राहिली तर दूध लगेच का बंद पडत नाही? कारण दुभत्या कासेत प्रोजेस्टेरॉनची कुलपे फारशी उरलेली नसतात. किल्ली आली तरी ती लागत नाही.

एवढे समजले म्हणजे आंधळे इंजेक्शन का नको हे कळते. माजावर आणण्यासाठी देतात ते प्रोस्टाग्लॅंडिन पीतपिंड विरवते. पीतपिंड नसेल, किंवा माज होऊन चार-पाच दिवसही झाले नसतील, तर पैसे वाया. आणि जनावर आधीच गाभण असेल तर गाभडते! "माजावर येत नाही" म्हणून ज्या म्हशीला टोचायचे, ती कदाचित गाभण आहे म्हणूनच येत नसेल. म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो, हेही विसरू नये.

पान्ह्यासाठी रोज ऑक्सिटोसिन टोचणे तर त्याहून वाईट. कास धुतली, वासरू लावले, शांतपणे दूध काढले की ते जनावराच्या मेंदूतून आपोआप सुटते. मारझोड केली, घाबरवले की अडते. बाहेरून रोज देत गेले की जनावराला त्याचीच सवय लागते आणि पुढे ते सुईशिवाय पान्हा सोडत नाही. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय होईल असे काही टोचणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे.

काही सभासद म्हणतील, "साहेब, डॉक्टर वेळेवर मिळत नाहीत, मग करायचं काय?" तक्रार खरी आहे. म्हणूनच आमची सूचना, की कारखाना आणि गावच्या दूध संस्थांनी मिळून गट ऑफिसनिहाय गर्भतपासणीची शिबिरे ठरावीक तारखांना घ्यावीत. एका शिबिरात जेवढी जनावरे तपासून होतील, तेवढी सुईची चूक टळेल.

घरी करण्यासारखे बिनखर्ची काम मात्र आपलेच. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन करावे. एकविसाव्या दिवसाच्या आसपास लक्ष ठेवावे. उलटली नाही तरी दोन-तीन महिन्यांनी तपासून घ्यावी. विण्याआधी दोन महिने आटवावी. नुसत्या वाढ्यावर ठेवू नये, पेंड आणि खनिज मिश्रण द्यावे. उपाशी जनावराचा बीजांडकोश कामच करत नाही.

लागणीची तारीख आपण चुकू देत नाही, कारण तोड तिच्यावर ठरते. नोंद चुकली तर आमच्याशी भांडायलाही येता. माजाची आणि रेतनाची तारीख तशीच गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहा. डॉक्टर आले की आधी ती दाखवा, सुई नंतर.